खेळाडू नेताय, तर शब्द लेखी द्या

प्रति,
प्राचार्य आणि शारीरिक शिक्षण संचालक,
पुणे, मुंबई, ठाणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालये

विषय : धाराशिव जिल्ह्यातील खो-खो खेळाडूंना प्रवेश देताना लेखी हमी देण्याबाबत.

महोदय, महोदया,



दहावी-बारावीचे निकाल लागले की धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा या भागांतल्या खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या घरी फोन येऊ लागतात. ‘आमच्या कॉलेजला पाठवा, फी भरावी लागणार नाही, राहण्या-जेवणाचं आम्ही बघतो.’ फोन करणारे आपल्यापैकीच कुणीतरी असतात. शालेय राज्य स्पर्धेत किंवा कुमार गटाच्या निवड चाचणीत आपण त्या मुलीचा खेळ पाहिलेला असतो. तिची हुलकावणी, खांबावरचा सूर, तीन मिनिटं पळूनही न ढळणारा श्वास, हे सगळं आपल्या नजरेनं बरोबर टिपलेलं असतं. आपली पारख चोख आहे, याबद्दल मला शंका नाही. मी या जिल्ह्यात शाळेतल्या मुलामुलींना खो-खो शिकवतो. माझ्या हाताखालची मुलगी मोठ्या शहरातल्या नामवंत महाविद्यालयात गेली, याचा मला प्रत्येक वेळी आनंद होतो. म्हणूनच हे पत्र तक्रारीसाठी लिहिलेलं नाही. एक मागणी आहे, ती जाहीरपणे मांडतो आहे : आपण फोनवर जे सांगता, ते महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी कागदावर लिहून द्या.

या मागणीमागं काय आहे, ते सविस्तर सांगतो.

आमच्या जिल्ह्यात खो-खो का रुजला, हे आपल्याला ठाऊक असेलच. दोन खांब, फक्कीनं आखलेल्या रेषा आणि थोडी मऊ माती, एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. बॅट लागत नाही, बूट नसले तरी अडत नाही. आठ तालुक्यांचा हा जिल्हा पर्जन्यछायेतला. नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात आमचा जिल्हा होता. भूम, परंडा, वाशी, कळंबकडची माणसं दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. उमरगा-लोहाऱ्यानं १९९३ चा भूकंप सोसला. अशा ठिकाणी ज्या खेळाला खर्च नाही, तोच खेळ शाळेच्या पटांगणावर टिकतो. त्यातून सारिका काळे घडली. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तेव्हापासून आमच्याकडं येणारे फोन वाढले आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे.

आपण जे देऊ शकता ते आम्ही देऊ शकत नाही, हेही मान्य करतो. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीत घडलेल्या मुलीला मॅटवर वळताना पायाचा अंदाज नव्यानं घ्यावा लागतो. आमच्या बहुतेक शाळांमध्ये मॅट नाही. पुण्यात रोज संध्याकाळी तोडीस तोड क्लब समोर असतात. आमच्याकडं चांगला सराव सामना हवा असेल, तर गाडी करून दुसऱ्या तालुक्याला जावं लागतं. विद्यापीठाच्या संघात निवड, पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, पुढं रेल्वे किंवा विमानतळ प्राधिकरणासारख्या संघांची नजर, हा रस्ता शहरातून सोपा होतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याच्या जोरावर कित्येक घरांत पहिला पगार आला. तेव्हा ‘आमच्या मुली नेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही. जायचं की राहायचं, हे त्या मुलीनं आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं. पण ठरवताना त्यांच्या हातात काय असतं? एका अनोळखी माणसाचा मोबाइल नंबर आणि त्यानं दिलेला शब्द.

हा शब्द बहुतेक वेळा खोटेपणानं दिलेला नसतो. देणारा माणूस मनापासून देतो. पण तो शब्द संस्थेचा नसतो, एका व्यक्तीचा असतो. संचालक निवृत्त होतात, त्यांची बदली होते, नवे प्राचार्य येतात, क्रीडा विभागाचा खर्च कमी होतो. मग दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या कार्यालयात ती मुलगी उभी राहते आणि तिला सांगितलं जातं की असं काही आमच्या नोंदीत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीवर ही वेळ आली होती. पहिल्या वर्षी तिच्यासह काही मुलींना मैदानाजवळ खोली मिळाली, डबा मिळाला, किट मिळालं. विद्यापीठ स्पर्धेत त्यांच्या महाविद्यालयानं विजेतेपदही मिळवलं. दुसऱ्या वर्षी खोलीचं भाडं आणि डब्याचे पैसे त्यांच्याकडं मागितले गेले. तिचे वडील सालगडी. तिनं कुणालाही दोष न देता सामान आवरलं आणि ती गावी परत आली. पदवी राहिली. खेळही राहिला. त्या महाविद्यालयाचं नाव मी इथं घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. खेळाडू म्हणून प्रवेश देताना मुलीला बहुतेकदा जिथं जागा शिल्लक आहे तिथं बसवलं जातं. जिला विज्ञान हवं होतं ती भलत्याच शाखेत जाते. जिला पोलीस भरतीची तयारी करायची आहे, तिला तासभरही वाचायला मिळत नाही, कारण सकाळी सराव, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा सराव. अंतर्गत परीक्षा आणि विद्यापीठाची स्पर्धा एकाच आठवड्यात आली, तर तिनं काय करायचं? फेरपरीक्षा मिळेल असं तोंडी सांगितलं जातं आणि विषय राहून जातो. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा आहे. पंचविशीनंतर ते दार बंद होतं. विषय राहिलेले, पदवी अपुरी आणि मैदानावरचं वय संपलेलं, अशी मुलगी मग कुठं जाणार?

तिसरी गोष्ट दुखापतीची. खो-खो हा अचानक थांबण्याचा आणि अचानक वळण्याचा खेळ आहे. यात सगळ्यात जास्त ताण गुडघा आणि घोटा या सांध्यांवर पडतो. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने फिजिओथेरपी. शहरातला हा खर्च शेतमजुराच्या घराला कुठल्याही हिशेबात बसत नाही. अशा वेळी मुलीला ‘थोडे दिवस घरी जाऊन आराम कर’ असं सांगून पाठवलं जातं. गावात फिजिओथेरपिस्ट नाही. घरी आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी नातेवाइकांच्या डोळ्यांत येते आणि स्थळं सुरू होतात. मराठवाड्यात मुलींची लग्नं किती लवकर होतात, हे मी आपल्याला सांगायला नको. आमच्याकडच्या कित्येक मुलींचं लग्न केवळ खेळामुळं पुढं ढकललं गेलं, ‘नॅशनल होऊ दे, मग बघू’ असं म्हणत आईवडील थांबले. तुमच्याकडून अर्ध्यावर परत आलेल्या मुलीच्या घरी मात्र थांबायला कारण उरत नाही.

मुलांची स्थिती याहून थोडी बरी आहे. त्यांच्यासाठी निदान व्यावसायिक लीग सुरू झाली. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला झाला, दुसरा २०२३-२४ मध्ये कटकला. दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. मुलींना अशी लीग नाही, मानधन नाही. त्यांच्या खेळाचा मोबदला दोनच रूपांत मिळतो : शिक्षण आणि नोकरी. त्यातलं शिक्षण तुमच्या हातात आहे. विश्वचषक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना राज्य सरकारनं प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले, त्याचं मनापासून स्वागत आहे. पण त्या उंचीवर पोचणाऱ्या मुली मोजक्या. बाकीच्या शेकडो मुलींना शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर आधार हवा असतो, आणि त्या पायऱ्या म्हणजे तुमची महाविद्यालयं.

सारिका काळेचंच बघा. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिनं सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं खेळताना तिला दिवसातून एकदाच जेवण मिळायचं. आई शिवणकाम करायची, वडिलांना शारीरिक मर्यादा होत्या, घर आजी-आजोबांच्या आधारावर चालायचं. २०१६ मध्ये आर्थिक अडचणींमुळं तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं, हे तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनीच सांगितलं आहे. त्यांनी समजूत काढली, ती पुन्हा मैदानावर आली. पुढं ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. एवढी मोठी खेळाडूसुद्धा खेळ सोडण्याच्या किती जवळ आली होती, हे ध्यानात घ्या. तिच्याजवळ आजी होती, रोज भेटणारा प्रशिक्षक होता. अडीचशे किलोमीटरवर, परक्या शहरात, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीची समजूत कोण काढणार? ती खोलीत दार लावून बसली आहे, हे कुणाला कळणार?

दूरच्या प्रदेशातून खेळाडू नेण्याचा प्रश्न फक्त आपल्यापुढं आहे असं नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलसाठी शाळकरी खेळाडू शोधण्याची मोठी यंत्रणा आहे. प्रशिक्षक टेक्सास-फ्लोरिडातल्या शाळांपासून पार पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांपर्यंत पोचतात. अमेरिकेत १९६४ पासून खेळाडू आणि महाविद्यालय यांच्यात लेखी पत्र होत असे. त्या पत्रावर सही झाली की मुलगा कॉलेजला बांधला जाई आणि कॉलेज शिष्यवृत्तीला. पण १९७३ पासून ती शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच झाली. दुखापत झाली किंवा खेळ घसरला की पुढच्या वर्षी ती मिळेलच याची खात्री नसे. खेळाडूंनी आणि पालकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१२ पासून अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये महाविद्यालयांच्या मोठ्या संघगटांनी ठरवलं की केवळ खेळ खालावला म्हणून शिष्यवृत्ती काढून घ्यायची नाही. २०२४ मध्ये ते जुनं पत्र रद्द झालं आणि त्याची जागा आर्थिक मदतीच्या लेखी करारानं घेतली. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलपटूंपैकी शंभरातले दोनही व्यावसायिक खेळात पोचत नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं काय, या प्रश्नानं तिथले नियम बदलायला लावले. आपल्याकडं तेवढा पैसा नाही, तेवढे प्रेक्षक नाहीत. पण कागदावर लिहायला पैसा लागत नाही.

तेव्हा आमची मागणी अशी. आपण ज्या खेळाडूला बाहेरगावाहून बोलावता, तिला प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं, मराठीत लिहिलेलं पत्र द्या. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

एक : राहणं आणि जेवण किती वर्षांसाठी मोफत किंवा सवलतीत आहे. अकरावीला नेलं तर बारावीपर्यंत, पदवीला नेलं तर पदवी पूर्ण होईपर्यंत, ही किमान मुदत. फी माफ करतो एवढं सांगणं आता पुरेसं नाही. २०२४-२५ पासून राज्य शासनानं आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं आहे. मुलीला शहरात टिकू न देणारा खर्च खोलीभाड्याचा आणि खानावळीचा आहे.

दोन : दुखापत झाली तर उपचाराचा आणि फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात वसतिगृहाची जागा कायम राहील हे वाक्य. प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा काढा. संघाच्या एका दौऱ्यापेक्षा त्याला कमी खर्च येतो.

तीन : मुलीनं कुठली शाखा, कुठला अभ्यासक्रम मागितला आणि तिला काय दिलं. स्पर्धेमुळं बुडालेल्या परीक्षेची फेरपरीक्षा केव्हा आणि कशी होईल.

चार : एखाद्या वर्षी ती संघात निवडली गेली नाही, तरी सवलती चालू राहतील. तिला गावी परतायचं असेल, तर शाळा सोडल्याचा किंवा स्थलांतराचा दाखला आणि तिची सगळी मूळ क्रीडा प्रमाणपत्रं अडवून न ठेवता तिच्या हाती दिली जातील. ही प्रमाणपत्रं तिची आयुष्याची कमाई आहेत. विभागीय उपसंचालकांकडं पडताळणी करायची, तर मूळ कागद लागतात. ते दुसऱ्याच्या कपाटात अडकले, तर पाच टक्के आरक्षण तिच्यासाठी असून नसल्यासारखं.

पाच : तिची जबाबदारी घेणाऱ्या एका शिक्षिकेचं नाव आणि नंबर. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी हे सगळ्यात आधी हवं. प्रशिक्षक पुरुष असो की स्त्री, खेळाशी संबंध नसलेली एक शिक्षिका त्या मुलीला दर आठवड्याला भेटेल, तिच्या आईशी महिन्यातून एकदा बोलेल, एवढं ठरवा.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. आपल्यातल्या काही महाविद्यालयांत यातलं बरंचसं आधीपासून होतं, ते मी पाहिलं आहे. तिथून आमच्या मुली पदवी घेऊन, नोकरीला लागून परत आल्या. आता त्यांच्या धाकट्या बहिणी मैदानावर येतात. ज्यांच्याकडं हे होतं, त्यांना लिहून द्यायला अडचण नसावी. ज्यांना लिहून देता येत नाही, त्यांनी फोनही करू नये.

आमच्या विद्यापीठालाही दोन शब्द सांगायचे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला २००४ पासून आहे. जिल्ह्यात जुनी, मोठी महाविद्यालयं आहेत. इथं मॅटचं एक कायमचं मैदान, मुलींचं एक चांगलं खेळाडू वसतिगृह, आठवड्यातून दोनदा येणारा एक फिजिओथेरपिस्ट, एवढं उभं राहिलं, तर कित्येक मुली इथंच थांबतील. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. त्या सवलतीमुळं उमरग्याची मुलगी रोज नाही, पण आठवड्याच्या सराव शिबिराला धाराशिवला येऊ शकते. ज्या जिल्ह्यानं अर्जुन पुरस्कारविजेती आणि विश्वविजेती दिली, त्या जिल्ह्यातल्या मुलीला पुढं खेळायचं म्हणून गाव सोडावंच लागू नये. सोडायचं असेल, तर ते तिच्या पसंतीनं असावं.

आणि माझ्या पालक बंधूभगिनींनो, हे पत्र जाहीर आहे ते तुमच्यासाठीही. मोठ्या कॉलेजातून फोन आला की आपण भारावतो. ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणून लेकीला रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत बसवून देतो. साहेबांचा मान ठेवा, पण कागद मागा. मागण्यात उद्धटपणा नाही. ऊसतोडीची उचल घेतानासुद्धा मुकादम आपला अंगठा घेतो. इथं तर आपण मूल देतो आहोत. कागद वाचता आला नाही, तर शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडं घेऊन या. आम्ही वाचून देऊ, आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवू.

प्राचार्य महोदय, संचालक महोदय, आपल्या महाविद्यालयाच्या कपाटातल्या कितीतरी ढालींवर आमच्या जिल्ह्यातल्या मुलींचा घाम आहे. त्या मुली तुमच्याकडं येतात तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या असतात. विद्यापीठाचं विजेतेपद त्यांनी तुम्हाला मिळवून द्यावं, ही अपेक्षा रास्त आहे. त्या बदल्यात पदवीचा कागद आणि धड गुडघे घेऊन त्यांनी आयुष्यात उभं राहावं, ही आमची अपेक्षाही तितकीच रास्त आहे. येत्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी आपण आपल्या महाविद्यालयाचं हमीपत्र तयार करून जाहीर करावं आणि जिल्ह्यातल्या शाळांना पाठवावं, ही विनंती. ज्या महाविद्यालयाचं हमीपत्र येईल, त्याच महाविद्यालयात जाण्याचा सल्ला मी यापुढं माझ्या विद्यार्थिनींना देईन, आणि जिल्ह्यातल्या सर्व क्रीडाशिक्षकांनीही तसंच करावं, असं आवाहन करतो.

आपला नम्र,
धाराशिव जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षक